कवटी आणि वही

गेल्या उन्हाळ्यात एका तालुक्याच्या गावी, मंगल कार्यालयाच्या तापलेल्या पत्र्याखाली भरलेल्या शिक्षक-प्रशिक्षणाच्या वर्गाला, निवृत्त मुख्याध्यापक या नात्याने मानाची एक खुर्ची वाट्याला आल्यामुळे, मला दिवसभर बसून राहावे लागले. पडद्यावर मेंदूचे भलेमोठे चित्र झळकत होते, त्यावर तांबडे-पिवळे डाग होते, आणि कोट घातलेले एक तरुण व्याख्याते, पुजाऱ्याने गाभाऱ्याकडे बोट दाखवावे तशा भक्तिभावाने त्या डागांकडे निर्देश करून सांगत होते की, "आजवर तुम्ही मुलांना शिकवत आलात, तीच तुमची चूक झाली, यापुढे मेंदूला शिकवा." चाळीस-पन्नास माना डोलल्या. इतक्यात मागच्या रांगेतून एका द्विशिक्षकी शाळेतील बाई उठल्या आणि म्हणाल्या, "सर, माझ्या खोलीत पहिली आणि दुसरी एकत्र बसतात. पहिलीला अक्षरं यायची आहेत, आणि दुसरीतल्या निम्म्यांनाही ती आलेली नाहीत. यातल्या कोणत्या मेंदूपासून सुरुवात करू?" हशा पिकला. हा प्रश्न शेवटी घेऊ, असे व्याख्यात्यांनी सांगितले. शेवटी चहा आला, चहानंतर प्रमाणपत्रे आली, आणि बाईंचा प्रश्न कोणत्याच दप्तरी दाखल झाला नाही. तो येथे दाखल करावा, आणि ज्या मताने त्याला बगल दिली त्या मताची थोडी उलटतपासणी करावी, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.

पूर्वपक्ष आधी नीट मांडावा, हा आपल्याकडील वादाचा जुना शिरस्ता आहे. आणि तो पाळणे येथे अवघड नाही, कारण हा पूर्वपक्ष हल्ली शाळांच्या जाहिरातींत, पालकसभांच्या निमंत्रणांत आणि प्रशिक्षणाच्या पुस्तिकांत एकाच साच्यातून काढल्यासारखा भेटतो. तो असा : शिकणे मेंदूत घडते, आणि मेंदूचे विज्ञान आता अतोनात पुढे गेले आहे, तेव्हा मेंदू न जाणणारा शिक्षक हा नाडी न पाहता मात्रा देणाऱ्या वैदूसारखा होय. मेंदूचे डावे अंग हिशेबी आणि उजवे कलावंत असते, व आपल्या शाळा केवळ डाव्या अंगाचीच मशागत करतात. प्रत्येक मुलाची शिकण्याची शैली उपजत निराळी असते. कोणी डोळ्यांनी शिकतो, कोणी कानांनी, कोणी हातापायांनी, आणि ज्याला त्याला त्याच वाटेने न्यावे. पहिल्या काही वर्षांत मेंदूच्या खिडक्या उघड्या असतात. त्या मिटल्या की जन्माचे नुकसान. आणि पाठांतर हा तर मेंदूवरील अत्याचारच. या पाचही कलमांवर विज्ञानाची मोहोर उमटलेली आहे, तेव्हा पंतोजींनी मुकाट्याने मान तुकवावी, असा एकंदर हुकूम आहे.

पहिले कलम घेऊ. शिकणे मेंदूत घडते, हे नाकारतो कोण? पण आषाढीला आळंदीहून पंढरपूरला वारकरी निघतो, तेव्हा पोटऱ्यांतील स्नायू आकुंचन-प्रसरण पावल्यावाचून तो दिवेघाट चढणार नाही, हे शरीरशास्त्र निर्विवाद असूनही, 'पोटऱ्या पंढरीला चालल्या' असे कोणी म्हणत नाही. आणि दिंडीचा मुक्काम, पाणी आणि पंगत यांची चिंता वाहणारा माणूस स्नायुरचनेवरील व्याख्यान ऐकून आपले काम अधिक चांगले करील, असेही कोणास वाटत नाही. प्रश्न ज्या पातळीवर उभा राहतो त्याच पातळीवर त्याचे उत्तर शोधावे लागते. एक द्वितीयांश आणि एक तृतीयांश यांची बेरीज दोन पंचमांश करणारा मुलगा कोठे चुकला, हे त्याच्या चेतापेशींना विचारून कळत नाही. 'अरे, अर्ध्या भाकरीत आणखी थोडी भाकरी घातली आणि ती अर्ध्याहून कमी कशी झाली?' असे त्याला विचारणाऱ्या शिक्षकाला ते कळते. अमेरिकेतील विल्यम जेम्स हा वैद्यकाची पदवी घेतलेला आणि शरीरशास्त्र शिकवता शिकवता मानसशास्त्राकडे वळलेला पंडित; त्याने शिक्षकांपुढे दिलेली व्याख्याने १८९९ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली, आणि मनाच्या नियमांतून अध्यापनाच्या पद्धती सरळ काढता येतील असे समजणे ही घोडचूक आहे, असे त्यातच बजावून ठेवले. पुढे जॉन ब्रूअर याने १९९७ साली हाच मुद्दा मेंदूविज्ञानाला उद्देशून नव्याने मांडला : चेतापेशीपासून थेट वर्गापर्यंत एकच लांब पूल बांधण्याचा अट्टहास व्यर्थ आहे, पेशींपासून मनोव्यापारापर्यंत एक आणि मनोव्यापारापासून वर्गापर्यंत दुसरा, असे दोन छोटे साकव बांधता आले तर पाहावे. त्यातला दुसरा साकव बराच बांधून झालेला आहे, हे पुढे येईलच. पण आमच्या व्याख्यात्यांना साकव नको, त्यांना सागरी सेतूच हवा.

आणि तो का हवा, याचे कारणही आता गूढ राहिलेले नाही. येल विद्यापीठातील डीना वाइसबर्ग आणि त्यांचे सहकारी यांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना मानसिक घटनांची काही स्पष्टीकरणे वाचावयास दिली. त्यांतील काही सयुक्तिक, काही मुद्दाम पोकळ रचलेली. याच स्पष्टीकरणांच्या काही प्रतींत, मेंदूच्या तपासणीत अमुक भाग सक्रिय आढळला, अशा अर्थाचे सर्वस्वी अप्रस्तुत वाक्य घुसडले होते. तेवढ्याने पोकळ स्पष्टीकरणही सामान्य वाचकांना, आणि मेंदूविज्ञानाचा अभ्यासक्रम घेत असलेल्या विद्यार्थ्यांनाही, अधिक समाधानकारक वाटू लागले. फसले नाहीत ते केवळ त्या विषयातील मुरलेले तज्ज्ञ. धोंड्याला शेंदूर फासला की तो धोंडा राहत नाही, हे आपल्या खेडोपाडी पूर्वीपासून माहीत आहे. शेंदुराची जागा आता पडद्यावरील तांबड्या डागाने घेतली, एवढाच काय तो फरक.

त्या डागाचीही थोडी कैफियत ऐकावी. एफएमआरआय नावाचे यंत्र विचाराचे छायाचित्र काढत नाही. ते रक्तातील प्राणवायूचे कमी-अधिक होणे टिपते, तेही मूळ व्यापार घडून गेल्यावर काही सेकंदांनी, आणि त्या असंख्य आकड्यांवर संख्याशास्त्राचे संस्कार झाल्यावर कोणत्या ठिपक्याला कोणता रंग द्यायचा ते माणसेच ठरवतात. हा संस्कार नीट झाला नाही तर काय होते, हे दाखवण्यासाठी अमेरिकेतील काही संशोधकांनी बाजारातून आणलेला एक मेलेला सामन मासा यंत्रात ठेवला, त्याला माणसांची चित्रे दाखवली, आणि चित्रातील माणसांच्या मनात कोणती भावना असावी असे रीतसर विचारले. २००९ साली त्यांनी जाहीर केले की, गणितातील आवश्यक दुरुस्ती वगळली असता त्या मृत माशाच्या मेंदूतही तांबडे ठिपके उमटतात. मेलेला मासा जर या कसोटीला उतरून सहृदय ठरू शकतो, तर इयत्ता चौथीचे वेळापत्रक त्या ठिपक्यांच्या भरवशावर बदलण्यापूर्वी मुख्याध्यापकाने थोडा धीर धरावा, हे म्हणणे फार झाले काय?

दुसरे कलम डाव्या-उजव्याचे. याचे मूळ शोधत गेले असता रॉजर स्पेरी या थोर शास्त्रज्ञापाशी पोहोचता येते. असाध्य अपस्माराच्या ज्या रुग्णांच्या मेंदूचे दोन अर्धे जोडणारा तंतूंचा पट्टा शस्त्रक्रियेने छेदावा लागला होता, अशा मोजक्या माणसांवर त्याने आणि त्याच्या शिष्यांनी अत्यंत कुशल प्रयोग केले, आणि एकेकटे पडलेले ते दोन अर्धे भाषा व आकृती यांबाबत किती निरनिराळे वागतात हे दाखवले. त्याबद्दल १९८१ सालचे नोबेल पारितोषिक त्याला विभागून मिळाले. ज्ञान इतकेच आहे. यातून 'हिशेबी मूल' आणि 'कलावंत मूल' अशा दोन जाती निघाल्या कोठून? तुमच्या वर्गात बसलेल्या मुलाचा तो पट्टा शाबूत आहे. त्यातील सुमारे २० कोटी तंतूंतून दोन्ही अर्ध्यांचा व्यवहार अहोरात्र चाललेला आहे, आणि गाणे असो की गुणाकार, त्यात दोन्ही बाजू सामील आहेत. पट्टा छेदलेल्या रुग्णाचे लक्षण धडधाकट मुलाला लावायचे आणि मग 'उजव्या मेंदूच्या विकासासाठी' म्हणून चित्रकलेचा तास मागायचा, यात मला तर चित्रकलेचाच अपमान दिसतो. चित्रकला शिकवावी ती चित्रकला म्हणून. तिला कवटीच्या अर्ध्या भागाचे शिफारसपत्र कशाला?

तिसरे कलम शैलीचे, आणि ते सर्वांत लोकप्रिय आहे, कारण ते ऐकायला दयाळू वाटते. प्रत्येक मूल निराळे, हे खरेच आहे. दोन मुलांची आई ते कोणत्याही संशोधनावाचून सांगेल. परंतु शैलीवाद्यांचे म्हणणे एवढेच नाही. त्यांचे म्हणणे असे की, 'डोळ्यांचे' मूल डोळ्यांच्या पद्धतीने शिकवले असता अधिक शिकते आणि 'कानांचे' मूल कानांच्या पद्धतीने. हे म्हणणे पारखता येण्यासारखे आहे : दोन्ही प्रकारची मुले दोन्ही पद्धतींनी शिकवावीत, सर्वांची एकच परीक्षा घ्यावी, आणि ज्याची त्याची पद्धत ज्याला त्याला खरोखर फळते काय ते पाहावे. हॅरोल्ड पॅश्लर आदी चार मानसशास्त्रज्ञांनी २००८ साली उपलब्ध संशोधनाची या कसोटीवर छाननी केली, तेव्हा अशा रीतीने केलेले प्रयोगच अत्यल्प निघाले, आणि जे निघाले त्यांतील बहुतेकांची साक्ष शैलीवादाच्या विरुद्ध गेली. यात नवल ते काय? सह्याद्रीच्या रांगा नकाशावरच दाखवाव्या लागतात, मग मूल कानाचे असो की पायाचे. आणि भीमपलास गाऊनच शिकवावा लागतो, त्याचा तक्ता भिंतीवर टांगून चालत नाही. माध्यम कोणते हे विषय ठरवतो. हॉवर्ड गार्डनर याच्या १९८३ च्या ग्रंथातील बहुविध बुद्धिमत्तेच्या कल्पनेचा आधार या मताला नेहमी दिला जातो. पण आपली बुद्धिमत्ता म्हणजे ही शैली नव्हे, असा खुलासा करण्याची पाळी खुद्द गार्डनरवरच आली.

हा प्रकार येथेच थांबला असता तर मी एवढा चिडलो नसतो. आता आपल्या शहरांतून आणि तालुक्यांतून मुलाच्या दहा बोटांचे ठसे घेऊन त्याची बुद्धी, शैली आणि भावी व्यवसाय सांगणारी दुकाने निघाली आहेत, आणि ज्या पालकांना हस्तसामुद्रिक म्हटले की हसू येते तेच पालक, तोच तळहात संगणकात घातला की, हजारो रुपये मोजतात. नऊ वर्षांच्या पोराला छापील अहवाल मिळतो की, तुझी गणिती बुद्धी अल्प आहे. बोटांचे ठसे जन्मापूर्वीच पडलेले असतात आणि मरेपर्यंत बदलत नाहीत. म्हणजे या अहवालाचा अर्थ असा की, तुझी पात्रता जन्मापूर्वीच लिहिली गेली आहे, आणि शाळेने काहीही केले तरी ती पुसली जाणार नाही. जन्मावरून बुद्धीची इयत्ता ठरवण्याची ही वहिवाट या देशाला नवी आहे काय? ती मोडण्यासाठी १८४८ साली पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा उघडावी लागली, आणि जोतीराव व सावित्रीबाई यांना त्यापायी घर सोडावे लागले. त्यांनी मुलींच्या हाताचे ठसे घेतले नाहीत. त्या हातांत पाटी दिली. कपाळावरचा लेख पुसायला इतकी वर्षे घालवल्यावर तोच लेख बोटांवर सापडला म्हणून आपण पेढे वाटत असू, तर ही प्रगती नव्हे.

मुलांच्या डोळ्यांवर पट्टी बांधून त्यांना वाचावयास लावणाऱ्या 'मध्यमेंदू-जागृती'च्या शिबिरांविषयी फार शाई खर्च करण्याचे कारण नाही. पट्टी आणि नाक यांच्यामधील फटीतून मूल पाहते. ती फट नीट बुजवली की चमत्कारही बुजतो. शिवाय मध्यमेंदू हा नजरेच्या हालचालींशी आणि जागेपणाशी निगडित भाग आहे. तो खरोखरच निद्रिस्त असता, तर मूल शिबिराला चालत आले नसते.

चौथे कलम खिडक्यांचे. स्पेरीला ज्या वर्षी ते पारितोषिक मिळाले त्याच वर्षी त्याचे भागीदार होते डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझेल. एकाच पारितोषिकातून आमच्या प्रशिक्षकांनी दोन भ्रम पैदा करावेत, हा मात्र विक्रम मानला पाहिजे. या दोघांनी मांजरीच्या पिलांची एक पापणी काही काळ शिवून ठेवली असता, पुढे ती उघडूनही त्या डोळ्याची दृष्टी नीट परतत नाही, असे सिद्ध केले. यातून निघणारा खरा बोध मोलाचा आहे : मुलाच्या डोळ्यात जन्मतः मोतीबिंदू असेल किंवा डोळा तिरळा असेल, तर विलंब न करता त्याला नेत्रवैद्याकडे न्या. पण पाहणे आणि पाढे यांत भेद आहे. उजेड, आकृती, आवाज हे जगाच्या पाठीवर कोणत्याही बाळाला आपोआप मिळतात आणि त्यांची वाट पाहत मेंदू वाढतो. लेखन, गणित, व्याकरण या माणसाने कालपरवा रचलेल्या गोष्टी आहेत, आणि त्यांच्यासाठी निसर्गाने कोणतीही खिडकी काढून ठेवलेली नाही, मग ती मिटेल कशी? वयाच्या सहाव्या वर्षापूर्वी मेंदूचा ८५ टक्क्यांहून अधिक विकास होतो, हे वाक्य २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातच असल्यामुळे आता प्रत्येक बालवर्गाच्या माहितीपत्रकावर विराजमान झाले आहे. परंतु मेंदूची वाढ हे काही विद्येचे माप नव्हे, नाहीतर सहा वर्षांच्या मुलाला ८५ टक्के पदवीधर म्हणावे लागेल. अमेरिकेत १९९३ साली ३६ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना दहा मिनिटे मोत्झार्टचे संगीत ऐकवून त्यांची आकृतिविषयक चाचणी घेतली गेली; गुण किंचित वाढले, आणि तो परिणाम पाव तासात विरला. एवढ्या भांडवलावर १९९८ साली जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरने प्रत्येक नवजात बाळाला संगीताची तबकडी देण्यासाठी १ लाख ५ हजार डॉलरांची मागणी अर्थसंकल्पात केली. प्रयोग विद्यार्थ्यांवर, औषध अर्भकांना!

आणि ज्यांच्या खिडक्या मिटल्या असे म्हणतात त्यांचे काय झाले, तेही पाहू. मुरबाड तालुक्यातील फांगणे गावी २०१६ साली आजीबाईंची शाळा निघाली. साठ ओलांडलेल्या, काही तर नव्वदीला टेकलेल्या आज्या गुलाबी लुगडी नेसून, पाठीला दप्तर लावून बाराखडी गिरवू लागल्या. प्रौढपणी वाचावयास शिकलेल्यांच्या मेंदूतही अक्षर ओळखणारा भाग घडत जातो, असे स्तानिस्लास देहाने या फ्रेंच संशोधकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २०१० साली दाखवले. म्हणजे येथे खुद्द मेंदूविज्ञानच आज्यांच्या बाजूने साक्ष देते, पण ती साक्ष माहितीपत्रकावर छापली जात नाही, कारण भीती विकली जाते तशी आशा विकली जात नाही. बालशिक्षण नको असे मी म्हणत नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला आणि कोसबाडला आदिवासी मुलांच्या अंगणात बालवाडी नेली, गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरवली. त्यांना त्यासाठी ८५ टक्क्यांचा दाखला लागला नाही. आजचे मूल आज भुकेले आहे, आज जिज्ञासू आहे, हे कारण त्यांना पुरेसे होते.

पाचवे कलम पाठांतराचे, आणि येथे पूर्वपक्षाची पुरती फजिती आहे. कारण शिकण्याविषयी जे खरोखर पक्के ज्ञान आहे ते नेमके याच्या विरुद्ध जाते, आणि ते मिळवताना कोणाचाही मेंदू यंत्रात घालावा लागला नाही. हर्मान एबिंगहाउस या जर्मन पंडिताने निरर्थक अक्षरांच्या मालिका स्वतःच पाठ करून, स्वतःच विसरून, त्याचा जमाखर्च १८८५ साली प्रसिद्ध केला. बारा अक्षरांची मालिका एकाच बैठकीत ६८ वेळा घोकून जे साधले, तेच तीन दिवसांवर वाटलेल्या ३८ आवर्तनांत साधले. २००६ साली रोडिगर आणि कार्पिकी यांनी विद्यार्थ्यांच्या एका गटाला एक उतारा चार वेळा वाचावयास दिला, आणि दुसऱ्या गटाला एकदा वाचून तीन वेळा न पाहता आठवावयास लावले. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते; आठवड्याने वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवले, आठवणाऱ्यांना ६१ टक्के. थोडक्यात, अंतराअंतराने आणि पुस्तक मिटून आठवल्याने विद्या टिकते. आमच्या लहानपणी दिवेलागणीला ओटीवर बसून परवचा म्हणावा लागे. पाढे, पावकी, निमकी, पाऊणकी, सव्वाकी, दिडकी, रोज आणि पुस्तकावाचून. आठवण्याचा रोजचा सराव याहून निराळा काय असतो?

यावर कोणी म्हणेल, म्हणजे तुम्हाला पंतोजींची छडी परत हवी आहे. मुळीच नाही. पंतोजींपाशी अर्धेच शास्त्र होते : आठवण्याचा सराव होता, पण अर्थाचा पत्ता नव्हता, भय मात्र भरपूर होते, आणि ती शाळाही गावातल्या निम्म्याहून अधिक मुलांना बंद होती. जुने ते सर्व सोने असे म्हणणारा गृहस्थ आणि जुने ते सर्व मेंदूविरोधी असे म्हणणारा व्याख्याता, हे दोघे माझ्या मते एकाच माळेचे मणी. पण अर्थ समजणे आणि पाठ असणे यांत वैर आहे, हे कोणी सांगितले? एका वेळी मनात धरून ठेवता येणाऱ्या गोष्टी मोजक्याच असतात. १९५६ साली जॉर्ज मिलरने त्या सातच्या आसपास सांगितल्या, आणि पुढील संशोधनाने तो आकडा चारावर आणला. मोठा भागाकार करताना ज्याला 'सात नवे त्रेसष्ट' बोटांवर मोजावे लागते, त्याची ही तुटपुंजी शिल्लक पाढ्यातच संपते, आणि भागाकाराचा अर्थ समजून घेण्यास त्याच्यापाशी काहीच उरत नाही. पाढा पाठ असला की मन मोकळे होते. त्याला अत्याचार म्हणायचे असेल तर सायकल चालवता येण्यालाही पायांवरील अत्याचार म्हणावे.

आता शेवटचा बचाव ऐकू : हे भ्रम अर्धवट माहितीमुळे पसरले, शिक्षकांना मेंदूविज्ञान अधिक शिकवले की ते नाहीसे होतील. दुर्दैवाने याचीही चौकशी झालेली आहे. ब्रिटन आणि नेदरलँड्स येथील २४२ शिक्षकांची पाहणी २०१२ साली प्रसिद्ध झाली. मेंदूविषयीच्या भ्रामक विधानांपैकी सरासरी निम्मी विधाने त्यांनी खरी मानली, शैलीचे विधान तर नव्वद टक्क्यांहून अधिक जणांनी. मौज पुढेच आहे : मेंदूविषयी ज्यांची सामान्य माहिती अधिक, त्यांचाच भ्रमांवरचा विश्वासही अधिक निघाला. औषधाच्या मात्रेबरोबर रोगही वाढू लागला तर शहाणा वैद्य मात्रा दुप्पट करत नाही.

मेंदूविज्ञानाशी माझे भांडण नाही. ते भव्य शास्त्र आहे, आणि त्याचे खरे उपासक यातील निम्मे दावे ऐकून कपाळाला हात लावतील. पण त्याचा संबंध वर्गाच्या अगदी निकट येतो तेथेही काय दिसते? वाचनाची अक्षमता हा मेंदूतील भेदाशी निगडित प्रश्न आहे, हे मान्य. तरीही एखाद्या मुलाला ती आहे की नाही, हे त्याला शब्द वाचावयास देऊन, ध्वनी तोडावयास-जोडावयास लावून आणि त्याचे लेखन तपासूनच ठरवतात.

माझा राग खरा कशावर आहे, ते आता सांगतो. २०२२ च्या 'असर' पाहणीत ग्रामीण भारतातील पाचवीच्या मुलांपैकी दुसरीचा उतारा वाचू शकणारी मुले ४२.८ टक्के निघाली. हे शोधण्यासाठी कार्यकर्त्यांनी घरोघरी एक कागद नेला, त्यावर काही ओळी होत्या, आणि मुलाला म्हटले, वाच. यंत्र नव्हते, रंगीत डाग नव्हते. या आकड्यामागची कारणे शोधू लागलो तर खुर्च्यांवर बसलेल्या अनेकांना उत्तरे द्यावी लागतील : जागा रिक्त का, एका खोलीत चार इयत्ता का, गुरुजी शाळा सोडून कोणती कागदपत्रे भरत आहेत, पुस्तक वेळेवर का आले नाही. परंतु कारण मुलाच्या कवटीत आहे असे एकदा ठरले की, सर्वांची सुटका होते. मग दोष शैली न जुळल्याचा, खिडकी मिटल्याचा, किंवा उजवे अंग झोपल्याचा. शासन निर्दोष, संस्था निर्दोष, आणि व्याख्यात्याचे मानधन अबाधित. जो प्रश्न खोल्यांचा, माणसांचा आणि वेळेचा आहे, तो मुलाच्या डोक्यात ढकलण्याची ही युक्ती आहे; आणि ती विज्ञानाचे कपडे घालून येते म्हणून तिला मुजरा करण्यास माझी मान तयार नाही.

त्या दिवशी चहाच्या वेळी मी त्या बाईंच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. त्यांनी पिशवीतून एक चुरगळलेली वही काढली. तीत त्यांच्या दुसरीतल्या एका मुलाने 'त्रेसष्ट' ऐकून ३६ लिहिले होते, 'छत्तीस' ऐकून ६३ आणि 'सत्तावीस' ऐकून ७२. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात सत्तावीसच्या जोडीने 'वीस सात' असे वाचन आले, तेव्हा विधिमंडळापर्यंत केवढा गदारोळ झाला होता, ते वाचकांना आठवत असेल. भाषाभिमानाच्या त्या धुरळ्यात ही वही मात्र फारशी कोणी उघडली नाही. बाई म्हणाल्या, "सर, ह्याचं चुकत नाही. तो जसं ऐकतो तसं लिहितो. आपण 'त्रे' आधी म्हणतो, म्हणून तो तीन आधी लिहितो." मग त्यांनी काय केले? दहा-दहा काड्यांच्या जुड्या बांधल्या, काही काड्या सुट्या ठेवल्या. 'त्रेसष्ट' म्हणताच सहा जुड्या आणि तीन काड्या मांडायच्या, मग लिहायचे. असे आठवडाभर रोज थोडे थोडे, आणि सोमवारी काड्या न देता पुन्हा विचारले. पुढच्या पानावर ६३ स्वच्छ लिहिलेले होते.

चुकीचे नेमके कारण, ते दूर करणारी मांडणी, अंतराअंतराने सराव, आणि आधार काढून घेऊन पडताळा : मानसशास्त्राने शंभर-सव्वाशे वर्षांत जे जे शिकवले ते सारे त्या दोन पानांत होते, आणि ज्या बाईंना ते साधले त्यांना कोट घातलेल्या तरुणाने प्रश्न शेवटी घेऊ म्हणून खाली बसवले होते. म्हणून पुन्हा सांगतो, आणि यात तिळमात्र तडजोड करणार नाही : मुलाच्या कवटीत डोकावण्याचा अधिकार ज्याने आधी त्याची वही उघडली त्यालाच आहे, आणि ज्याने वही उघडली त्याला वर्गात कवटीची गरज क्वचितच पडते. शासनाला प्रशिक्षणावर पैसा खर्च करायचाच असेल, तर पडदा गुंडाळून ठेवावा, त्या बाईंना व्यासपीठावर बसवावे, त्यांच्यासमोर चाळीस वह्या ठेवाव्यात, आणि कोटवाल्यांना पहिल्या रांगेत बसवून टिपणे घ्यावयास लावावीत. कोणत्या मेंदूपासून सुरुवात करावी, हे त्यांना तेथे कळेल.